गीत : पारंपरिक

दिवाळीच्या पणत्या अंगणातून उचलायच्या आत आमच्याकडची रानं पांढरी व्हायला लागतात. आष्टीच्या रस्त्यानं गाडीवर निघालं की दोन्ही अंगांनी फुटलेला कापूस, मध्येच तुरीचा एखादा पिवळा पट्टा आणि लांबवर वाकलेल्या बायकांच्या पाठी दिसतात. सकाळी दव असतं, म्हणून वेचणाऱ्या बायका ऊन चढल्यावर रानात शिरतात. मग कमरेला ओटी बांधून एकेक जण एकेक सरी धरते. बोंडाचं वाळलेलं टरफल सुईसारखं टोचतं. आठ दिवसांत नखांच्या कडा फाटतात, आणि संध्याकाळी पिठात मीठ कालवताना ती बोटं कशी चुरचुरतात हे त्या बायकांनाच ठाऊक.

हे दिवस मला लहानपणापासून आवडायचे. घरात रचलेल्या कापसाचा उबदार, किंचित तेलकट वास. त्या ढिगात उडी मारली की कानात शिरणारी शांतता. हल्ली मात्र रान पांढरं झालं की माझं डोकं तापायला लागतं. बाकीच्यांना वेचणी आली की मजुरीचा भाव आठवतो, लेकीबाळींची लग्नं आठवतात. मला एक कागद आठवतो. अकरा पानांचा, इंग्रजी, प्रत्येक पानाखाली माझी सही असलेला.

मी लग्नाच्या शूटिंगचा माणूस. परतूरला माझा छोटा स्टुडिओ आहे. हळद, साखरपुडा, बारसं, निवडणुकीची मिरवणूक, जे येईल ते मी शूट करतो. दुसऱ्यांच्या सुखाची इतकी वर्षं चित्रं काढल्यावर एकदा आपल्या मनातलं काही काढावं असं वाटलं, तेव्हा डोळ्यांपुढं पहिली आली ती कौसाकाकू.

कौसाकाकू आमच्या गावातली, आमच्या दोन घरं पलीकडची. तिच्या सासऱ्याची मेंढरं होती, नवऱ्यानं ती विकून थोडी कोरडवाहू जमीन धरली, आणि नवरा गेल्यावर काकू दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायला लागली. अंगानं काडी, पण वेचायला लागली की तरण्या बायका मागं पडायच्या. आणि वेचता वेचता ती गायची. आवाज काही गोड नाही तिचा. थोडा घोगरा, वाऱ्यावर तुटणारा. पण ती गायला लागली की बाजूच्या सरीतल्या बायका बोलायचं थांबवायच्या. त्यातलं एक गाणं असं होतं :

बोंडाला बोंड हसं, रान पांढरं झालं,
माझ्या मंगलच्या डोळां झोपंचं चांदणं आलं.
नको येऊ गं सरीत, बोट बोचंल बाई,
तुझ्या वाट्याचं बोचणं येचून घेती आई.

मंगल म्हणजे काकूची एकुलती एक लेक. ती तान्ही असताना काकू तिला बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात निजवायची आणि सरीतून गात राहायची, म्हणजे पोरीला आईचा आवाज ऐकू येत राही.

वेचणीच्या एका हंगामात मी सिनेमा केला. आमच्याकडं वेचणी आणि लग्नं एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळं त्या वर्षी मी लग्नांच्या ऑर्डरी परत केल्या. परतूरला घेतलेला एक प्लॉट विकला. सगळे कलाकार गावातलेच. काकू काकूचंच काम करत होती. सकाळी दव वाळायच्या आत आम्ही कॅमेरा लावायचो आणि काकू ओरडायची, "दत्ता, जल्दी कर बाबा, तुझ्या शिनेमापायी माझी सरी राहून जाईल!" एकदा तर तिनं कॅमेऱ्यासमोरच मला हाताला धरून सरीत उभं केलं, "येच की जरा, मंग कळंल कसं दिसतंय ते." मी दुपारपर्यंत वेचलं. बोटं रक्ताळली. त्या दिवसानंतर माझ्या फ्रेम बदलल्या, मी तोंडांपेक्षा हात जास्त शूट करायला लागलो.

सिनेमा तयार झाला, आणि मग कळलं की तयार झालेला सिनेमा हा नुसता डबा असतो. तो चार लोकांपुढं जाहीर दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. त्याची फी, त्यासाठी लागणारी प्रत, मुंबईच्या खेपा. परदेशी महोत्सवाला पाठवायचा तर इंग्रजी ओळी खाली लिहून घ्याव्या लागतात. वितरकाला फोन केला तर तो आधी विचारतो, "हीरो कोण?" मी म्हणायचो, "कौसाबाई." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा. वर्षभर ती हार्डडिस्क कपाटात होती आणि मी पुन्हा दुसऱ्यांच्या वराती शूट करत होतो.

अशा वेळी मुंबईच्या एका कंपनीतून निखिल नावाचा माणूस भेटायला आला. तिशीतला, मऊ बोलणारा. जालन्याच्या एका हॉटेलात आम्ही दुपारी बसलो. त्यानं सिनेमा पूर्ण पाहिला होता, मधली मधली दृश्यं त्याला पाठ होती. शेवटी म्हणाला, "सर, ही फिल्म जगानं बघितली पाहिजे." मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणत होतं. आज या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या एका शब्दावर मी किती स्वस्तात गेलो!

त्यानं कागद पुढं केला. मी विचारलं, "हा मराठीत मिळेल का?"

"मराठीत कुणी करत नाही, सर. स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळे हाच साइन करतात."

सिनेमा मराठी, करणारा मराठी, त्यातला प्रत्येक शब्द आमच्या रानातला. आणि तो कुणाचा, हे ठरवणारा कागद मात्र मला अडखळत वाचावा लागणाऱ्या भाषेत. मी वाचायला बसलो. एका ठिकाणी लिहिलं होतं की सगळे हक्क कंपनीकडे सर्वकाळासाठी राहतील, संपूर्ण विश्वात. मी बोट ठेवून विचारलं, "विश्वात म्हणजे?"

तो हसला. "म्हणजे सगळीकडे, सर. वकिलांची भाषा असते ती."

मीही हसलो आणि सही केली. प्रमाणपत्राचा खर्च ते करणार होते, प्रदर्शन ते करणार होते, त्यांचा खर्च निघाल्यावर जे उरेल त्यात माझा वाटा होता. हातात जे पडलं त्यात विकलेल्या प्लॉटचा एक कोपरासुद्धा परत आला नसता. तरी गावात येऊन मी पेढे वाटले. काकूला सांगितलं, "आपला सिनेमा आता विश्वात जाणार." ती म्हणाली, "मंजी चांदावर बी?" सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात हसलो.

सिनेमा कुठंच गेला नाही. पहिले काही महिने निखिलचे फोन यायचे, तारीख ठरतेय म्हणून. मग मीच करायला लागलो. मग तो मीटिंगमध्ये असायला लागला. वर्षानंतर माझ्या मेलवर खर्चाचं एक पत्रक आलं, त्यात जो सिनेमा कुणी पाहिला नव्हता त्याच्या प्रसिद्धीचा खर्च लावलेला होता.

पुढच्या वेचणीत मंठ्याला एक लग्न होतं. दुपारची वरात. मी उलट्या पावलांनी चालत नवरदेवाचा घोडा शूट करत होतो. डीजेवाल्यानं गाणं बदललं. आधी नुसते ठोके आले, छातीवर बुक्के मारल्यासारखे. मग एक शिट्टी. मग एक घोगरा, वाऱ्यावर तुटणारा आवाज : नको येऊ गं सरीत, बोट बोचंल बाई. परत ठोके. बोट बोचंल बाई, बोट बोचंल बाई, बोट बोचंल बाई. पोरं एकमेकांना बोटं दाखवून, डोळे मिचकावून नाचायला लागली. एकानं बोटाचा असा काही हावभाव केला की बाजूच्या बायकांनी तोंडं फिरवली.

माझ्या हातातला कॅमेरा खाली आला. मी डीजेच्या गाडीवर चढून विचारलं, "हे कुठून आणलं?"

"भाऊ, लई चालून राह्यलंय हे. हर लग्नात हेच मागतेत."

आई आपल्या तान्ह्या लेकीला सांगते, तू या सरीत येऊ नको, तुझ्या वाट्याचं बोचणंसुद्धा मी वेचून घेते. त्यातली एक ओळ कापून, मंगलचं नाव उडवून, आईला उडवून, त्याची ही घाण केली होती. माझ्याच सिनेमातला काकूचा आवाज. मी घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. गाण्याखाली लिहिलं होतं : पारंपरिक लोकगीत. संगीत आणि सर्व हक्क, कंपनीचे. सिनेमा कपाटात ठेवून त्यांनी त्यातलं एवढंच बाहेर काढलं होतं.

मी रागाच्या भरात एक केलं. काकू रानात वेचताना ते गाणं पूर्ण म्हणतेय असा एक तुकडा माझ्याकडं होता, सिनेमाच्या बाहेरचा, मोबाइलवर घेतलेला. तो मी माझ्या इंटरनेटवरच्या चॅनलवर टाकला आणि खाली लिहिलं, मूळ गाणं हे आहे, ऐका. लोक ऐकायला लागले. तिसऱ्या दिवशी मला सूचना आली. तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं आढळलं आहे. व्हिडिओ काढला आहे. पुन्हा असं केल्यास चॅनल बंद होईल.

मी हे काकूला सांगायला गेलो. ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. तिनं शेंग खाली ठेवली.

"मंजी ते म्हणून राह्यले, म्या त्यांचं गाणं चोरलं?"

"तसं न्हाई काकू, ते मशीन असतं, ते आपोआप..."

"मशीनीला कुणी शिकिवलं?"

तिनं शेंग परत उचलून सोलायला घेतली. 

चार दिवसांनी मंगल आली. ती लग्न होऊन जालन्याला एमआयडीसीच्या अंगाला राहते, तिचा नवरा सळयांच्या कारखान्यात भट्टीवर आहे. ती आईकडं न जाता आधी माझ्या दारात आली. बसली नाही.

"दत्ताभाऊ, आमच्या गल्लीत हळद होती. ते वाजलं. समदे नाचले. माझा नवरा बी नाचला, त्याला काय ठावं? मी आत दार लावून बसले. मला लहानपणी ह्याच गाण्यानं झोप लागायची. त्या गाण्यातली मंगल मी हाय." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "किती पैशाला इकलं तुम्ही?"

"मी गाणं न्हाई विकलं, मंगल. मी सिनेमा विकला."

"गाणं काय सिनेमाच्या बाहीर ठिवलं होतं का?"

ती आणि मी, दोघं काकूला घेऊन जालन्याला वकिलाकडं गेलो. नसरीन मॅडमचं ऑफिस बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. बोलणं कमी, चहा भरपूर. त्यांनी माझा अकरा पानी कागद सावकाश वाचला, पेन्सिलीनं खुणा करत. मी मध्ये मध्ये कंपनीला शिव्या देत होतो. त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं, मी गप्प झालो.

"सिनेमाचं आधी सांगते," त्या म्हणाल्या. "कायदा म्हणतो, ज्यानं हक्क घेतले त्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते सुटतात. पण कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर. तुमच्या नवव्या पानावर वेगळं लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ते वापरोत न वापरोत, हक्क त्यांचेच. भांडता येईल. पण लांबेल, खर्च होईल, आणि जिंकालच असं मी सांगणार नाही."

कायदा माझ्यासारख्यासाठी दार ठेवतो आणि दाराशेजारीच ते बंद करायचं कुलूपही ठेवतो. आणि ते कुलूप कोण लावणार? ज्याला इंग्रजी वाचायला जड जातं, ज्याचा प्लॉट विकला गेलाय, ज्याला नुकतंच कुणीतरी सर म्हटलंय, तोच!  पण खरी गोष्ट अजून पुढं होती.

"आता गाण्याचं," नसरीन मॅडम म्हणाल्या. "कंपनी काय म्हणणार ते सरळ आहे. गाणं पारंपरिक, म्हणजे कुणाचंच नाही. त्यावर आम्ही संगीत केलं, ते आमचं. आणि पारंपरिक आहे हे आम्ही नाही म्हणत, सिनेमाच म्हणतो." मी आणलेली डिस्क लावलेला लॅपटॉप त्यांनी माझ्याकडं वळवला. माझ्या सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्या होत्या. त्यातल्या एका पाटीवर पांढऱ्या अक्षरांत होतं, गीत : पारंपरिक.

ते मी लिहिलं होतं. माझ्या बोटांनी टाइप केलं होतं.

मंगलनं वाचलं. काकूला वाचता येत नाही. तिनं मंगलला विचारलं, "काय लिवलंय?"

"पारंपरिक लिवलंय, आई."

"पारंपरिक मंजी कोण?"

 खाली दुकानात कुणीतरी पोती उतरवत होतं.

नसरीन मॅडमनी विचारलं, "तुम्ही काकूंना कधी विचारलं होतं, गाणं कुणी रचलं?"

खोटं बोलायची इच्छा झाली होती, हे कबूल करतो. पण सिनेमातलं कापलेलं सगळं फूटेजही पुरावा म्हणून आणलेल्या त्याच डिस्कवर होतं. मी तो तुकडा शोधून लावला. बांध, दुपार, काकू पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेली. कॅमेऱ्याच्या मागून माझा आवाज येतो, "काकू, हे गाणं कुणाचं?" ती तोंड पुसते. "कुणाचं मंजी? माझं. मंगल झोळीत होती तव्हा रचलं. पयले दोनच ओळी होत्या, मंग ती रांगाया लागली आन् सरीत याया लागली, तव्हा बाकीच्या केल्या." माझा आवाज म्हणतो, "बरं, आता तिकडं बघ, उजेड चांगलाय." आणि तुकडा संपतो.

उजेड चांगलाय! तिनं मला सांगितलं होतं आणि मी उजेड बघत होतो. पाट्या लिहायला बसलो तेव्हा वाटलं, महोत्सवातल्या लोकांना पारंपरिक हा शब्द बरा वाटेल, गाण्याला वजन येईल. मजुरी करणारी बाई गाणं रचू शकते, तिच्या गाण्याला तिचं नाव लागतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिच्यापासून दोनच घरं पलीकडं वाढलेला मी. कंपनीनं तिचं नाव पुसलं म्हणून मी बोंबलत होतो. पुसायला त्यांच्या हाती नाव आलंच कुठं होतं?

काकू लॅपटॉपकडं बघत होती. मग माझ्याकडं बघून इतकंच म्हणाली, "तुला ठावं होतं रे."

मला तोंड वर करता येईना. मंगलनं आईच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

नसरीन मॅडम मात्र खुर्चीत पुढं सरकल्या. "दत्ताभाऊ, काकूंकडून तुम्ही काही लिहून घेतलं होतं? गाणं वापरायला परवानगी, सही, अंगठा?"

"न्हाई मॅडम." आणखी एक गुन्हा कबूल करतोय असं वाटलं.

"काहीच नाही?"

"घरचंच माणूस म्हणून... कागद कशाला म्हटलं."

"मग गाणं तुमचं कधी झालंच नाही. जे तुमचं नव्हतं ते तुम्ही कंपनीला कसं दिलंत? आणि तुम्ही दिलंच नाही तर त्यांच्याकडं ते आलं कुठून?" त्या काकूकडं वळल्या. "काकू, ते गाणं अजून तुमचंच आहे. पूर्ण."

"ते मला ठावं हाय," काकू म्हणाली. "त्यांना सांगा."

त्यांना सांगायला पुढची वेचणी उजाडली. काकूचं प्रतिज्ञापत्र झालं. त्यात "व्यवसाय"पुढं टायपिस्टनं आपसूक मजुरी लिहिलं, आणि मंगलनं ते थांबवून पुढं "व गीतरचना" घालायला लावलं. माझंही प्रतिज्ञापत्र झालं, की ती पाटी चुकीची आहे, ती मी लिहिली, आणि मला खरं माहीत होतं. नोटरीसमोर ते मला मोठ्यानं वाचावं लागलं. दोघांची कागदपत्रं, तो फूटेजचा तुकडा आणि एक नोटीस मुंबईला गेली.

पहिलं उत्तर उद्धट होतं. दुसरं मऊ. तिसऱ्या वेळी निखिल स्वतः आला, नसरीन मॅडमच्या ऑफिसात. काकूच्या पाया पडला. "काकू, तुमचा आवाज म्हणजे मातीचा आवाज आहे," म्हणाला. त्यानं एक रक्कम सांगितली. काकूच्या कितीतरी वेचण्यांइतकी ती होती. आणि एक कागद, या वेळी मराठीत. म्हणजे मराठीत मिळतो! माझ्या वेळी मिळत नव्हता तो मिळत होता, कारण आता गरज त्यांची होती.

नसरीन मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. गाणं, त्याची चाल, त्याचे सगळे भाग, सर्वकाळासाठी, संपूर्ण विश्वात.

काकूनं विचारलं, "सर्वकाळ मंजी किती?"

निखिल म्हणाला, "म्हणजे... कायमचं, काकू."

"मी मेल्यावर बी?"

"हो, पण तेव्हा..."

"मंगल मेल्यावर बी? तिची पोरगी मेल्यावर बी?"

निखिलनं मान हलवली.

"मंग न्हाई," काकू म्हणाली. "आन् पाया पडू नगंस. गाणं तेवढं काढ."

त्यांनी ते काढलं. माझ्या चॅनलवरची तक्रारही मागं घेतली. कळवताना पत्रात लिहिलं की कोणतीही चूक मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी. सद्भावनेपोटी! ज्या घरात चोरी केली त्या घरच्यांना माल परत देताना चोरानं वर दान दिल्याचा आव आणायचा. ते पत्र नसरीन मॅडमनी फायलीला लावलं. मी मागूनही मला दिलं नाही. म्हणाल्या, तुम्ही फाडाल.

भरपाईचा दावा अजून चालू आहे, तारखा पडतात. माझा सिनेमा त्यांच्याच कपाटात आहे. त्याची प्रत माझ्याकडं आहे, पण गावच्या शाळेच्या भिंतीवरसुद्धा ती मला दाखवता येत नाही. त्यात काम केलेल्या दोन म्हाताऱ्या दरम्यान वारल्या, स्वतःला पडद्यावर न बघता. आणि ते नाचाचं गाणं अजून वाजतं. कंपनीनं काढलं तरी ते पेनड्राइव्हवर गावोगाव पोचलेलं आहे, आणि पेनड्राइव्हला नोटीस देता येत नाही. एखाद्या वरातीत ते लागलं की मी कॅमेरा बंद करतो. नवरदेवाकडचे भांडायला येतात. मी म्हणतो, तेवढ्याचे पैसे कापा.

यंदा रान पुन्हा पांढरं झालं. मी एक छोटा लघुपट करायचा ठरवला आहे, माझ्याच पैशानं, कुणाला न विकता. मी नसरीन मॅडमकडून कागद करून घेतला, मराठीत, दीड पानाचा. गाणं काकूचं, नाव पहिल्या पाटीवर, मुदत तीन वर्षं, मिळेल त्यात तिचा वाटा. असा कागद आमच्या भागात कुणी केला नसेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो.

परवा दुपारी रानात गेलो. मंगलही पोरीला घेऊन माहेरी आलेली, आईच्या शेजारची सरी धरून वेचत होती. मी बांधावर उभं राहून कागद वाचला. काकू हात न थांबवता ऐकत होती.

"चांगला लिवलाय," ती म्हणाली.

"मंग करायची का सही?"

"न्हाई."

मला वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नाही. "काकू, तीनच वर्षं. आणि काय बदलायचं ते बदलू."

"काय बी बदलू नगंस. बराबर हाय. पर न्हाई द्यायचं."

"काहून?"

"वाटंना."

माझ्या अंगात सर्रकन राग चढला. वकिलाची फी कुणी भरली, जालन्याच्या खेपा कुणी केल्या, माझा सिनेमा बुडाला तो बुडालाच, आणि आता एवढा सरळ कागद आणला तर वाटंना! मीच तर सोडवून आणलं ते गाणं, हे शब्द जिभेवर आले होते. आणि ते बोलायच्या आत मला ऐकू आलं की हा कुणाचा सूर आहे. गाणं सोडवून आणणाऱ्याला ते मिळालंच पाहिजे, जगापुढं नेणाऱ्याला ते मिळालंच पाहिजे. ज्याचं आहे त्याला मात्र नाही म्हणायची सोय नाही. गिळले ते शब्द. गिळायला वेळ लागला. मी कागदाची घडी घातली.

"पुढच्या साली इचारू का?"

"इचार की. इचारायला कोण नगं म्हणतंय?" ती पुढच्या झाडाकडं सरकली. "मी काय म्हणीन ते आताच न्हाई सांगत."

मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून निघालो. दहा पावलं गेलो असेन, मागं काकूचा आवाज लागला. तेच गाणं. मंगलची पोरगी सरीत शिरू बघत होती आणि काकू तिला गात गात मागं सारत होती. तिनं नाव बदललं होतं, मंगलच्या जागी नातीचं घातलं होतं. माझा हात पिशवीच्या चेनीवर गेला आणि तिथंच थांबला.

मंगलनं ते बघितलं. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"दत्ताभाऊ, पिशवी ठिवा गाडीवर," ती म्हणाली, "आन् या, बसून ऐका."